विसर्जनाच्या सोमवारी, खाट क्रमांक चार

१९८६ च्या श्रावणात, खानदेशातल्या कानबाई देवीच्या विसर्जनाच्या सोमवारी दुपारी, धुळ्यातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात मी खाटेवरून उठायचा प्रयत्न केला. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरचा तो चौथा दिवस होता. उठायला, वाकायला, खोकायला मनाई होती. कोणीतरी माझ्या कपाळावर हात ठेवला आणि मला परत उशीवर टेकवलं. हात कोणाचा ते मला दिसलं नाही. उजव्या डोळ्यावर पट्टी होती आणि डावा डोळा मी सहा वर्षांचा असताना देवीच्या साथीत गेलेला आहे. एवढं पक्कं आहे. पुढच्या मजकुरात जे पक्कं नाही, ते पक्कं नाही असंच सांगणार आहे.

तेव्हा मी जळगावच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. राहायला पिंप्राळ्यात होतो. वय त्रेपन्न. एका डोळ्यावर माझी सगळी नोकरी झाली होती आणि त्याबद्दल कधी तक्रार केली नव्हती. दोन वर्षांपूर्वीपासून त्या डोळ्यात फरक पडायला लागला. उन्हात बाहेर पडलं की सगळं पांढरं व्हायचं, पण संध्याकाळी बरं दिसायचं. दिव्याभोवती कडं दिसायचं. समोरून येणाऱ्या स्कूटरच्या एका दिव्याचे तीन दिवे व्हायचे आणि त्यातला खरा कोणता हे ठरवेपर्यंत स्कूटर निघून गेलेली असायची. कोणी म्हणालं मध घाला, कोणी म्हणालं कांद्याचा रस. कांद्याच्या रसाने तीन दिवस डोळा लाल राहिला, तेवढाच त्याचा परिणाम. एका वैद्याने थेंब दिले, ते मी सहा महिने घातले. आणि मग एक गोष्ट घडली, जी मी बरेच दिवस कोणाला सांगितली नाही. एके दिवशी सकाळी चष्मा न लावता मला वर्तमानपत्र वाचता आलं. जवळचं वाचायला दहा वर्षं चष्मा लागत होता, तो लागेना. मी देवघरासमोर जाऊन उभा राहिलो. मी देवाधर्माचा माणूस नव्हे, गावच्या कानबाईलासुद्धा वीस वर्षं गेलेलो नव्हतो. कारण विचारलं की मी रविवारच्या पाळीचं नाव सांगायचो. पण त्या सकाळी मी हात जोडले. डोळा बरा होतो आहे असं मला वाटलं.

डोळा बरा होत नव्हता. आठ महिन्यांनी वाचता येणं परत गेलं आणि या वेळी चष्म्यानेही येईना. प्रुफावरची अक्षरं ओल्या कागदावर पडल्यासारखी पसरायची. मी कार्यालयात कोणाला सांगितलं नाही. ही माझी चूक होती आणि ती छापून आली.

आमच्याकडे छायाचित्रं छापायला जस्ताचे ठोकळे असत. एका रात्रपाळीत एक निधनवार्ता आणि एक निवृत्तीच्या सत्काराची बातमी शेजारी शेजारी होती. दोन्ही ठोकळ्यांवर टोपी घातलेले, मिशीवाले गृहस्थ. ते उलटसुलट लागले आणि मी पान तपासून सही केली. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला सत्कारमूर्ती नाना स्वतः कार्यालयात आले आणि माझ्या टेबलासमोर उभे राहिले.

"साहेब, मी मरेल शे का? हात लाई देखा. गरम शे ना?"

मी त्यांच्या हाताला हात लावला.

"मनी बायको सकायपासून रडी ऱ्हायनी," नाना म्हणाले, "आन मी तिना समोर बशीसन चहा पी ऱ्हायनू. तिले सांगं, अवं, मी हाई देख. तर म्हने, पेपरमा इयेल शे."

सगळं कार्यालय हसलं. नानाही हसले. पण दुसऱ्या घरचं कोणी हसलं नसणार, हे मला माहीत होतं. त्यांच्या गेलेल्या माणसाच्या फोटोखाली सत्काराचा मजकूर होता. संपादकांनी मला आत बोलावलं आणि रागावले नाहीत, याचंच मला जास्त वाईट वाटलं. ते एवढंच म्हणाले, "डोळा दाखवून या. तोवर पान तपासू नका."

धुळ्याच्या डॉक्टरांचं नाव आमच्याकडच्या गावांत लोक विश्वासाने घेत, म्हणून मी तिकडे गेलो. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यावर आलेला पडदा आणि शस्त्रक्रिया म्हणजे तो खरवडून काढणं, अशी माझी समजूत होती. इतकी वर्षं बातम्या लिहिणाऱ्या माणसाची ही समजूत. डॉक्टरांनी ती शांतपणे खोडली. डोळ्याच्या आत एक भिंग असतं, काचेसारखं स्वच्छ. वयाबरोबर ते धुरकटत जातं. कंदिलाची वात नीट असावी आणि काच काजळावी, तसं. फरक इतकाच, की ही काच पुसता येत नाही. थेंबांनी, रसाने ती स्वच्छ होत नाही. ती काढावीच लागते. मी त्यांना चष्म्याशिवाय वाचता आल्याची गोष्ट सांगितली. ती जगात पहिल्यांदा त्यांनाच सांगितली. ते म्हणाले, "तो मोतीबिंदूच होता. भिंग घट्ट होताना काही दिवस जवळचं बरं दिसतं. बऱ्याच लोकांना तेव्हा वाटतं डोळा सुधारला." ज्याच्यासाठी मी हात जोडले होते, ते माझ्या आजाराचंच लक्षण निघालं होतं.

मग ते शस्त्रक्रियेबद्दल बोलले. मुंबईत आता डोळ्याच्या आत कृत्रिम भिंग बसवायला लागले आहेत, असं मी वाचलं होतं. ते विचारलं. ते म्हणाले, "तुम्हाला एकच डोळा आहे. जे मी हजारदा केलं नाही, ते मी तुमच्यावर करणार नाही." भिंग काढायचं, टाके घालायचे, आठ दिवस उताणं पडून राहायचं, आणि दीड महिन्याने जाड चष्मा. बहुतेकांचा डोळा चांगला होतो. थोड्यांचा होत नाही. मी विचारलं, नाही झाला तर? त्यांनी माझ्या डाव्या डोळ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "पहिले आठ दिवस टाक्यांचे. टाके केसापेक्षा बारीक असतात. जोराने उठलात, वाकलात, खोकलात, तर ते सुटतात आणि आतलं बाहेर येतं. मग मी काही करू शकत नाही. तेवढं तुमच्या हातात."

शस्त्रक्रियेचा शुक्रवार मिळाला. तो चुकला तर पुढचा दीड महिना नव्हता. त्याच आठवड्याच्या रविवारी आमच्या गावी कानबाई बसणार होती. आमचं गाव नरडाण्याजवळ. तिथे घरी थोरला भाऊ आणि थोरली बहीण अक्का. आमच्याकडे कानबाईच्या रोटांसाठी, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषामागे गहू मोजून घेतात. माणूस गावात असो नसो, त्याच्या नावाचा गहू मोजला जातो. ते रोट फक्त घरच्यांनी खायचे. लेकीला दिले तरी विचारून देतात, बाहेरच्याला देणं तर नाहीच. वीस वर्षं माझ्या नावाचा गहू मोजला जात होता आणि तो दुसरे खात होते. डॉक्टरांनी तारीख दिली त्याच दिवशी मी बसने गावी जाऊन अक्काला सांगितलं. ती दळायला बसली होती.

"डाक्टरले सांग, आमनी कानबाई शे, आठ दिन थांब."

"अक्का, डॉक्टर थांबत नसतात."

"मंग तुना डोया मोठा का कानबाई मोठी?"

"डोळाच नसला तर कानबाई दिसेल कशी?"

अक्काने जातं थांबवलं. "तिले देखाले डोया लागतस? तुले कोनी सांगं?" एवढं म्हणून ती परत दळू लागली. मी निघालो तेव्हा तिने मान वर केली नाही.

शुक्रवारी सकाळी माझ्या पापण्यांचे केस कापले, चेहरा धुतला, थेंब घातले. डोळ्याच्या बाजूला खालून एक सुई दिली, ती लागली. त्यानंतर काही लागलं नाही. मी पूर्ण जागा होतो. लोकांना वाटतं झोपवतात, तसं नाही. चेहऱ्यावर कापड असतं, वर प्रचंड उजेड असतो आणि त्या उजेडात सावल्या फिरतात. डोळ्यावर कोणी अंगठा दाबून धरल्यासारखं वाटत होतं. डॉक्टर मधूनमधून बोलत होते, "श्वास रोखू नका. खोकला आला तर आधी सांगा." भांड्यात काहीतरी ठेवल्याचा बारीक आवाज झाला आणि उजेड एकदम निळा झाला. त्यानंतर टाके. सगळं मिळून पाऊण तास. नंतर पट्टी बांधली आणि माझ्यापुरता दिवस बंद झाला.

वॉर्डात आठ खाटा होत्या. माझी चौथी. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवल्या होत्या. पाणी फुलपात्रातून नळीने, जेवण पातळ, सगळं झोपून. शौचालासुद्धा उठायचं नाही. पत्नी बरोबर होती आणि ती पहिल्या दिवशीच म्हणाली, "तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा कोणाचं ऐकताय." तिसऱ्या खाटेवर, खिडकीखाली, धुळ्यातलेच एक वृद्ध आबा होते. खिडकीतून पावसाचा शिडकावा येई आणि त्यांना खोकला यायचा. खोकला आला की सिस्टर धावत यायच्या. "आबा, तोंड उघडं ठेवून खोका, दाबू नका." आबा म्हणायचे, "मी दाबस नही, तोच दाबस माले." सोमवारी सकाळी सिस्टरांनी दोन माणसं बोलावून आबांची खाट आत आणली आणि माझी खिडकीखाली नेली, खाटेसकट उचलून. मला खोकला नव्हता. हा बदल महत्त्वाचा आहे.

सोमवारी दुपारी पत्नी डोळ्याचे थेंब आणायला बाहेर गेली. त्या दिवशी पांझरा नदीकडे जाणाऱ्या मिरवणुकांमुळे रस्ते अडले होते आणि ती पाऊण तासाने परत आली. तेवढ्या वेळात पुढचं घडलं.

लांबून ढोल ऐकू आला. मग गाणं. बायका कानबाईला निरोप देत होत्या आणि गाणं आमच्या गावच्याच चालीवर होतं. मिरवणूक खिडकीखालून जाणार हे आवाजावरून कळत होतं. मी उताणा पडलेला. आमच्याकडे कानबाई निघाली की कोणी पडून राहत नाही. आजारी माणसाला दोघं धरून उभं करतात, बाळंतीण उंबऱ्यापर्यंत येते आणि सगळे वाकून जमिनीला कपाळ टेकवतात. मी लहान असताना तापात होतो तेव्हा वडिलांनी मला काखेत धरून वाकवलं होतं. वीस वर्षं कानबाईला मी त्या गावात नव्हतो आणि मला वाटायचं की हे सगळं माझ्यातून निघून गेलं आहे. निघून गेलं नव्हतं. ढोल खिडकीखाली आला तेव्हा मी विचार केला नाही. डॉक्टरांचं वाक्य आठवलं नाही. वाळूची पिशवी बाजूला ढकलली, कोपरावर भार दिला, पाय खाली सोडले आणि खाटेची कड धरून वाकायला लागलो. एका डोळ्याच्या माणसाने तो डोळा जमिनीच्या दिशेने नेला.

तेव्हा कपाळावर हात आला. तळवा खरखरीत, गरम. दुसरा हात पाठीला. जोर नव्हता, पण मी पुढे जाऊ शकलो नाही. आवाज बाईचा होता, वयस्कर.

"पडी ऱ्हाय, भाऊ. तिले समजस बठ्ठं."

मी पडलो. हात कपाळावरच होता. ढोल पुढे जाईपर्यंत, गाणं अर्धवट ऐकू येईपर्यंत, तो हलला नाही. मी विचारलं, "कोण? अक्का?" उत्तर आलं नाही. हात कधी उचलला गेला ते मला सांगता येत नाही. काही वेळाने, पाच मिनिटं असतील किंवा पंधरा, बांगड्या वाजल्या आणि ओठांना घास लागला. खिरीत कुस्करलेला रोट. मी वीस वर्षांत खाल्ला नव्हता, पण जिभेला ओळखायला वेळ लागला नाही. मी चार घास खाल्ले. पुन्हा विचारलं, "कोण?" पुन्हा उत्तर नाही. पावलं गेली.

पत्नी आली तेव्हा मी तिला म्हणालो, अक्का येऊन गेली. ती म्हणाली, अक्का कशी येईल, आज गावची कानबाई आहे. मी म्हणालो, मग रोट कोणी आणला? तिने माझ्या ओठाला लागलेली खीर पुसली. मला वाटतं ती घाबरली होती.

मी पुढचे दोन दिवस पडल्या पडल्या चौकशी केली. ही माझी सवय आहे. सिस्टर त्या वेळी शस्त्रक्रियेच्या खोलीत होत्या. आयाबाई कानबाईसाठी रजेवर. राहिले वॉर्डातले सात साक्षीदार, आणि सातांच्याही डोळ्यांवर पट्ट्या.

"बाई व्हती," दुसऱ्या खाटेवरचे म्हणाले. "आवाज मी ऐका."

"मी झोपेल व्हतू," पाचवे म्हणाले.

सहाव्या खाटेवर बोदवडकडचे एक निवृत्त गार्ड होते. "मले त वाटलं तुमच्या घरच्याच हायेत. अशा हक्कानं बोलल्या."

"काय बोलल्या?"

"ते नाही ऐकलं भो. ढोल व्हता ना."

रोटाचा उलगडा मंगळवारी झाला, आणि तो आबांनी केला. त्यांची सून जेवण घेऊन आली तशी ते मोठ्याने म्हणाले, "काल सनना दिन, आन माले रोट नही. मना घरमा रोट व्हयना नहीत का?"

तिच्याबरोबर आलेला आबांचा मुलगा म्हणाला, "आबा, काल हिने तुम्हाला भरवला ना, आपली कानबाई नदीत शिरवून आल्यावर."

"माले? मना तोंडले तर काल पेजशिवाय काही लागनं नही. मंग मना रोट कोनी खादा?"

मी म्हणालो, "आबा, मी खाल्ला."

सगळा प्रकार असा होता. आबांची सून नऊ वर्षं त्या घरात होती. सासऱ्यांसमोर ती डोक्यावरचा पदर कपाळाखाली ओढून घेत असे आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत नसे. रविवारी आबा खिडकीखाली होते, म्हणून सोमवारी ती पदर ओढून खिडकीखालच्या खाटेशी आली, खाली पाहतच चार घास भरवले आणि गेली. पट्टी बांधलेले चेहरे तसेही सारखेच असतात. मी "कोण?" म्हणालो तेव्हा ती बोलली नाही, कारण ती आबांसमोर कधीच बोलत नसे. मुलगा हे सांगत असताना ती दाराआडून रडताना मला ऐकू येत होती. घराचा रोट परक्याच्या पोटात गेला, ही तिच्या दृष्टीने साधी चूक नव्हती.

आबांना हसू आलं, आणि हसण्याने खोकला, आणि सिस्टर धावत आल्या. खोकला थांबल्यावर ते म्हणाले, "पत्रकार, तू मना रोट खादा. आते तू आमनामा मोजाई गया. पोरी, रडू नको. कानबाईनीच चुकाडं तुले, तू नही चुकनी." सुनेचं रडणं थांबलं. एवढं मी ऐकलं.

मी मुलाकरवी सुनेला दोन प्रश्न विचारले. कपाळावर हात ठेवलात का? नाही. सासऱ्यांच्या अंगाला हात लावायची त्यांच्याकडे रीत नव्हती, चमच्यानेच भरवलं होतं. काही बोललात का? नाही. आणि तिने आपणहून एक गोष्ट सांगितली, जी मुलाने मला जशीच्या तशी सांगितली. ती आली तेव्हा मिरवणूक निघून गेली होती, मी सरळ उताणा झोपलेलो होतो, आणि वाळूच्या दोन्ही पिशव्या डोक्याशी नीट लावलेल्या होत्या. मी त्यातली एक ढकलून दिली होती. ती मी परत लावलेली नव्हती.

रोट सुनेचा होता, हे कळल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. उलट मी जास्त गोंधळलो. त्याआधी एकच प्रश्न होता आणि त्याला एक अवघड का होईना पण उत्तर होतं. आता अर्ध्याचं उत्तर मिळालं आणि उरलेलं अर्धं उघडं पडलं. मिरवणुकीतली एखादी बाई वर आली असेल का? खिडकीतून मला उठताना तिने पाहिलं असेल का? खिडकी पहिल्या मजल्यावर होती. दुसऱ्या वॉर्डातली कोणी? मी नंतर विचारलं, कोणी हो म्हणालं नाही. मला स्वप्न पडलं म्हणावं, तर दुसऱ्या आणि सहाव्या खाटेने आवाज ऐकला होता. मी जे आहे ते लिहितो.

बुधवारी डॉक्टरांनी पट्टी सोडून बॅटरीच्या उजेडात डोळा पाहिला. बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "एक टाका ताणला गेलाय. उठला होतात?"

"हो."

"वाकलात?"

"वाकायला लागलो होतो."

"मग थांबलात कसे?"

मी म्हणालो, कोणीतरी थांबवलं. ते म्हणाले, "ज्याने थांबवलं त्याने माझं काम केलं." त्यांनी दुसरं काही विचारलं नाही. टाका टिकेल का, असं मी विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही, पुढचे काही आठवडे पाहू.

ते आठवडे मी पिंप्राळ्याला घरी काढले. या काळाबद्दल मला आधी कोणी नीट सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून इथे लिहितो. पट्टी निघाली की दिसायला लागतं, असं मला वाटत होतं. तसं होत नाही. मला उजेड दिसला, रंग दिसले, पण कडा कशालाच नव्हत्या. सगळं निळसर होतं. पत्नीची पिवळी साडी मला पांढरी वाटेना आणि पिवळीही वाटेना. डोळ्यातून पाणी यायचं, वाळू गेल्यासारखं खुपायचं. माणूस जवळ येऊन बोलेपर्यंत कोण आहे कळत नसे. डॉक्टरांनी सांगितलं होतं की भिंग काढलं आहे, त्याचं काम आता चष्मा करील, चष्मा येईपर्यंत असंच दिसेल. मी ते ऐकलं होतं. पण रोज सकाळी उठून भिंतीवरचं कॅलेंडर एक पांढरा चौकोन दिसला की मला वाटायचं, सोमवारी गेला डोळा, कोणी सांगत नाहीये एवढंच.

अशा एका सकाळी मी अंगणात खाटेवर पडलो होतो. आयुष्यभर जे समोर येईल ते तपासायचं, दुसऱ्याकडून खात्री करायची आणि मग छापायचं, हे माझं काम होतं. इथे तपासायला मार्ग नव्हता. टाका धरेल किंवा सुटेल, मी त्याला हात लावू शकत नव्हतो, पाहूही शकत नव्हतो. डॉक्टरही म्हणाले होते सांगता येत नाही. मला एकाएकी ती बाई काय म्हणाली होती ते ऐकू आलं, ढोलाशिवाय, स्पष्ट. पडी ऱ्हाय, कानबाईला सगळं समजतं. मी वाकलो नाही म्हणून माझा नमस्कार राहिला असं मी धरून चाललो होतो, आणि ती म्हणत होती की राहिलेला नाही. पडून राहणं हाच त्या दिवशीचा नमस्कार होता. मला हे पटलं असं मी म्हणणार नाही. पण त्या सकाळी मी पहिल्यांदा डोळ्याबद्दल कोणाला काही मागितलं नाही, आणि त्यानंतर झोप लागायला लागली. तो हात ज्या कोणाचा होता, त्याला मी तेव्हापासून रोज एकदा मनात दंडवत घालतो. बाईमाणूस असेल तर ती गावोगावच्या हजार बायांसारखी असेल, आणि तिला माझी आठवणही नसेल. दुसरं काही असेल तर त्याबद्दल लिहायची माझी पात्रता नाही.

दीड महिन्याने डॉक्टरांनी तात्पुरता चष्मा दिला, बाटलीच्या बुडासारखा जाड. तो लावल्यावर जग पुढे सरकून अंगावर आलं. पत्नीचा चेहरा वीतभर मोठा दिसला. दाराची चौकट वाकडी. मी चहा कपात ओतायला गेलो आणि तो सगळा बशीच्या पलीकडे गेला. बाजूने येणारा माणूस दिसायचाच नाही आणि एकदम समोर उगवायचा. डॉक्टरांनी सांगितलं, डोळा फिरवायचा नाही, मान फिरवायची, आणि जिना उतरताना आधी पायाने पायरी शोधायची. हे शिकायला मला दोन आठवडे लागले. त्या दोन आठवड्यांत दिसतंय की नाही, या प्रश्नाचं सरळ उत्तर मला देता येत नव्हतं. दिसत होतं, पण मी जे पाहत आलो होतो ते नव्हे.

शेवटच्या तपासणीला अक्का नरडाण्याहून थेट धुळ्याला आली. डॉक्टरांच्या खोलीत माझ्यामागे उभी राहिली. भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता. डॉक्टरांनी डाव्या डोळ्यावर पुठ्ठा धरला, तो धरायची गरज नव्हती. मी वरचं मोठं अक्षर वाचलं. मग दुसरी ओळ. तिसरी. चौथीला थांबलो, मान थोडी फिरवली आणि वाचली. पाचवी वाचली. सहावीतली दोन अक्षरं चुकली, बाकीची बरोबर आली.

"देखास ना मना भाऊले?" अक्काने विचारलं.

"दिसतं, अक्का. जवळजवळ पूर्ण," डॉक्टर म्हणाले.

त्यांनी पुन्हा एकदा बॅटरीने टाके पाहिले. मग खुर्चीत बसून केसपेपरवर लिहिलं: उजवा डोळा, चष्म्यासह, ६/९. टाके सर्व जागेवर. खाली सही केली.